खाडीमुखावरचा सॉन्ड दर पंधरवड्याला ‘गोडं पाणी’ का दाखवतो?

लक्षण नेहमी एकच असतं. नोव्हेंबर ते मे, पाऊस नाही, नदीला पाणी नाही. खाडीच्या तोंडाशी बोयावर किंवा जेटीच्या खांबावर बहुघटकी सॉन्ड (क्षारता, तापमान, ऑक्सिजन, पीएच असं बरंच काही एकत्र मोजणारं यंत्र) लावलेला. लावला त्या दिवशी भरतीच्या माथ्यावर क्षारता ३५ च्या आसपास (किलोभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ). पाच-सात दिवस ठीक चालतं. मग ती रोज थोडी थोडी उतरते आणि पंधराव्या दिवशी ३१ वर येते. सॉन्ड काढून धुतला की पुन्हा ३५, आणि पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच. मधल्या काळात कोणी सेन्सर बदलतो, कोणी केबल, आणि बहुतेक जण पुन्हा एकदा कॅलिब्रेशन करतात (ठाऊक द्रावणात बुडवून यंत्राचा आकडा जुळवतात). यातल्या पहिल्या दोन गोष्टींनी पैसे वाया जातात. तिसरीने डेटा जातो.

(होडीवरची मंडळी ‘सॉन्ड’ला सरळ ‘सोंड’ म्हणतात. पाण्यात लोंबकळणाऱ्या या नळकांड्याला ते नाव वाईट नाही.)

क्षारता खालीच का जाते, वर का नाही

सॉन्ड क्षारता थेट मोजत नाही. तो विद्युतवाहकता आणि तापमान मोजतो आणि त्यावरून क्षारतेचा आकडा काढतो. वाहकतेच्या सेन्सरमध्ये पाण्याने भरलेली एक अरुंद वाट असते, तिला सेल म्हणतात. त्या वाटेतून किती वीजप्रवाह जातो हे बघून, वाटेची लांबी भागिले छेदाचं क्षेत्रफळ या ठरलेल्या ‘सेल स्थिरांका’ने गुणलं की वाहकता मिळते. स्थिरांक कॅलिब्रेशनच्या दिवशी ठरतो आणि यंत्रात कायम राहतो. वाट मात्र कायम राहत नाही.

आत गाळ बसतो, शेवाळ धरतं, बार्नॅकलची (खडकांना, होड्यांना चिकटणाऱ्या कवचाच्या जीवांची) पिल्लं चिकटून कवच बांधायला लागतात. कवचातून वीज वाहत नाही, म्हणजे छेद कमी झाला. यंत्र जुन्याच स्थिरांकाने गुणत राहतं, म्हणून आकडा कमी येतो. अशा अडथळ्याने वाचन वर जाण्याचं कारणच नाही. ६ मिमी व्यासाच्या वाटेत सगळीकडून फक्त ०.१५ मिमी जाडीचा, वीज न वाहणारा थर बसला तर व्यास ५.७ मिमी होतो आणि क्षेत्रफळ जवळपास १० टक्के घटतं. ०.१५ मिमी म्हणजे साध्या कागदाच्या दीड पानाची जाडी. नुसत्या नजरेला सेल ‘बऱ्यापैकी स्वच्छ’च वाटतो.

२५ अंश सेल्सिअसला ३५ क्षारतेच्या पाण्याची वाहकता साधारण ५३ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर असते. त्यात ५ टक्के घट झाली तर क्षारता ३३ दिसते, १० टक्के झाली तर ३१ च्या जरा वर. लक्षणातला आकडा इथूनच येतो.

चार इलेक्ट्रोडचा सेल असला की फाउलिंगचा (असा गाळ, शेवाळ, कवचं चढण्याचा) त्रास नाही, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर बसलेल्या पातळ थराचा परिणाम चार इलेक्ट्रोडची रचना बराचसा टाळते, पण वाटच अरुंद झाली तर तिचाही इलाज चालत नाही. प्रेरणावर चालणाऱ्या, कड्यासारख्या सेन्सरचंही तसंच. त्याच्यात इलेक्ट्रोड उघडे नसतात, पण मधलं भोक बुजलं की वाचन पडतंच. नुसत्या बुळबुळीत थराने मात्र फार बिघडत नाही, कारण त्यात मुख्यतः पाणीच असतं. खरं नुकसान त्या थरात अडकलेल्या गाळाने आणि कवचांनी होतं.

आधी ठरवा: पाणी बदललंय की यंत्र?

पंधरा दिवसांचा पूर्ण आलेख काढा आणि त्यातले फक्त भरतीच्या माथ्याचे बिंदू वेगळे करा. आपल्या किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या, सुमारे १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने. म्हणजे पंधरवड्यात २८-२९ बिंदू मिळतील. त्यांच्यावरून एक रेष फिरवा.

खरंच गोडं पाणी येत असेल तर ओहोटीला क्षारता पडते आणि भरतीच्या माथ्यावर पुन्हा समुद्राच्या आकड्याजवळ जाते. उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेला) हा फरक मोठा दिसतो, भांगाच्या भरतीला (अष्टमीच्या सुमारास) लहान. सोबत बहुतेक वेळा गढूळपणा किंवा तापमानही हलतं. सेल बुजत असेल तर माथ्याची रेषच हळूहळू, न उसळता उतरते आणि ओहोटीचे बिंदू त्याच टक्केवारीने खाली येतात. तापमान मात्र जसंच्या तसं. ही टक्केवारीची खूण महत्त्वाची आहे. फाउलिंग वाचनातून ठरावीक आकडा वजा करत नाही, ते वाचनाला गुणतं.

आता अपवाद. पावसाळ्यात ही परीक्षा चालत नाही. मांडवी-झुआरीसारख्या खाड्यांमध्ये जुलै-ऑगस्टला भरतीच्या माथ्यालाही समुद्राचा आकडा मिळत नाही. तेव्हा तुलनेला दुसरं यंत्रच लागतं. दुसरा अपवाद थंडीतला, आणि तो अनेकांना फसवतो. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो आणि बंगालच्या उपसागराकडचं कमी खारट पाणी वर आणतो. त्यामुळे गोव्याजवळ, आणि कमी प्रमाणात त्याच्या उत्तरेला, समुद्राची क्षारता खरोखरच उतरते. पण ती उतरण धुतल्यावर परत वर जात नाही. सॉन्ड स्वच्छ केल्यावर आकडा उडी मारून वर गेला तर दोष सेलचा, नाही गेला तर पाण्याचा.

घसरणीच्या आकारावरूनही पुष्कळ कळतं:

- लावल्या क्षणापासून आकडा कमी आणि थरथरता: सेलमध्ये हवेचा बुडबुडा अडकलाय. सॉन्ड पाण्यात दोन-तीन वेळा तिरका करून हलवा.
- एका वाचनातून दुसऱ्यात थेट १५-२० टक्के खाली, काही तासांनी परत वर: सेलमध्ये कोळंबीचं पिल्लू किंवा खेकडा शिरला होता.
- क्षारता, तापमान, ऑक्सिजन या सगळ्यांतला भरती-ओहोटीचा झोका एकदम मावळला: गार्डभोवती (सेन्सरांवरच्या संरक्षक पिंजऱ्याभोवती) जाळ्याचा तुकडा किंवा प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली गेलीय, किंवा बाहेरच्या पाइपची भोकं बुजलीत.
- गढूळपणा कमाल मर्यादेला चिकटला, ऑक्सिजन शून्याकडे: सॉन्ड गाळात रुतलाय. बोयाची साखळी आणि खोली तपासा.
- पहिल्या दिवसापासून क्षारता सुमारे ३ ने कमी, पण स्थिर: हा फाउलिंगचा प्रकारच नाही. ‘२५ अंशांना आणलेली वाहकता’ आणि ‘प्रत्यक्ष वाहकता’ हे दोन वेगळे रकाने असतात. पहिला रकाना क्षारतेच्या सूत्रात घातला की २९ अंशांच्या पाण्यात नेमका एवढा फरक पडतो. टेलिमेट्रीचा (डेटा दूरवर पाठवणाऱ्या यंत्रणेचा) साचा कोणी बदलला असेल तर आधी हेच बघा.

एका चुकीतून दुसरी: ऑक्सिजन

विरघळलेल्या ऑक्सिजनचा प्रकाशीय सेन्सर मुळात संपृक्ततेची टक्केवारी देतो, म्हणजे मावेल त्याच्या किती टक्के ऑक्सिजन आहे ते. मिलिग्रॅम प्रति लिटर काढायला सॉन्ड क्षारता वापरतो, कारण खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २८ अंशांना गोड्या पाण्यात तो ७.८ मिग्रॅ/लि मावतो, ३५ क्षारतेच्या पाण्यात सुमारे ६.४. बुजलेल्या सेलने क्षारता २५ सांगितली तर सॉन्ड ६.४ च्या जागी ६.८ लिहील. ऑक्सिजनचा सेन्सर ठणठणीत असूनही त्याचा आकडा ६ टक्के फुगतो. म्हणून क्षारतेची दुरुस्ती केल्यावर ऑक्सिजनचे मिलिग्रॅम नव्याने काढावेच लागतात. टक्केवारीचा रकाना जपून ठेवला असेल तरच हे जमतं. साठवण वाचवायला तो गाळू नका.

सेन्सरच्या टोपीवर थर चढला की वेगळीच गंमत होते. थरातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री थरातले जीव तो खातात. आलेखात दुपारचा कळस आणखी वर जातो आणि पहाटेचा तळ आणखी खाली. पाहणाऱ्याला वाटतं खाडीत उत्पादकता वाढली. दिवस-रात्रीचा हा झोका धुतल्याबरोबर निम्म्यावर आला तर तो पाण्याचा नव्हताच.

उलट चूकही होते. गोव्यापुढच्या उथळ समुद्रात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळचा ऑक्सिजन शून्याच्या जवळ जातो, आणि ते खरं असतं. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचं ऑक्सिजन कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे वर सरकतं, त्यावर पावसाच्या हलक्या पाण्याचं झाकण बसतं आणि उरलासुरला ऑक्सिजन खालचे जीव संपवतात. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने कांदोळीसमोरच्या ठिकाणी हे वर्षानुवर्षं मोजलं आहे. तेव्हा त्या दोन महिन्यांत तळाच्या सॉन्डचा शून्याजवळचा आकडा ‘सेन्सर खराब’ असा शेरा मारून पुसू नका.

पाण्यातून काढल्यावरची पहिली १५ मिनिटं

सगळा खेळ इथे आहे. सॉन्ड बाहेर आला की हात आपोआप ब्रशकडे जातो. थांबा. धुण्याआधीचं वाचन एकदाच मिळतं.

सोबत हवं: प्रयोगशाळेत त्याच सकाळी तपासलेला दुसरा, स्वच्छ सॉन्ड किंवा हातातला मीटर (हाच ‘संदर्भ’), २० लिटरची बादली, सावली, ओलं गोणपाट, मऊ टूथब्रश, सेलच्या वाटेत जाणारा बारीक नायलॉनचा ब्रश, एक लिटर पांढरं व्हिनेगर, जुनं एटीएम कार्ड आणि न उघडलेली ५० मिलिसीमेन्सच्या प्रमाण द्रावणाची (वाहकता आधीच ठाऊक असलेल्या द्रावणाची) बाटली.

१. सॉन्ड जागेवरच असताना त्याच्याशेजारी, त्याच खोलीवर, संदर्भ सॉन्ड सोडा. दोन्हीची पाच मिनिटं, दर ३० सेकंदांनी वाचनं घ्या. प्रवाह जोरात असेल तर भरती-ओहोटी पालटताना, पाणी थबकलेलं असताना हे करा. खाडीच्या तोंडाशी एका मीटरच्या अंतरावरही क्षारता वेगळी असू शकते.

२. सॉन्ड न हलवता, न झटकता वर घ्या. फोटो काढा: गार्ड, सेलची दोन्ही तोंडं, वायपर (सेन्सर पुसणारा फिरता ब्रश). ‘थोडी घाण’ असं वहीत लिहून सहा महिन्यांनी काही कळत नाही.

३. आता धुवा. सेलमधून ब्रश १५-२० वेळा फिरवा. कवच निघत नसेल तर तो भाग व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा. ते भुसभुशीत झालं की एटीएम कार्डाच्या कडेने काढा. चाकू, पत्रा, तारेचा घासा यांतलं काहीही नको. ऑक्सिजनच्या टोपीला अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन लागता कामा नये, तिच्यावरचा रंगद्रव्याचा थर निघतो. ती फक्त ओल्या मऊ कापडाने पुसायची.

४. धुतलेला सॉन्ड परत त्याच जागी, त्याच खोलीवर सोडा आणि संदर्भ सॉन्डसकट पुन्हा पाच मिनिटं वाचनं घ्या.

५. यानंतरच प्रमाण द्रावण. आधी नुसतं वाचन लिहा. कॅलिब्रेशनचं बटण अजून दाबायचं नाही.

आकडे कसे वापरायचे ते एका काल्पनिक उदाहरणावर पाहू. सगळी वाचनं २५ अंशांना आणलेल्या वाहकतेची, मिलिसीमेन्समध्ये. धुण्याआधी सॉन्ड ४७.९, संदर्भ ५२.६. धुतल्यावर सॉन्ड ५२.२, संदर्भ ५२.४. म्हणजे धुण्यामुळे वाचन ४.३ ने वाढलं, पण तेवढ्या वेळात पाणीच ०.२ ने उतरलं. फाउलिंगची चूक ४.३ अधिक ०.२, म्हणजे ४.५. मूळ ४७.९ च्या तुलनेत ९.४ टक्के. मग ५० च्या द्रावणात सॉन्डने ४९.७ दाखवलं. हा खरा ड्रिफ्ट (घाणीशिवाय यंत्राचं स्वतःचं सरकणं), ०.६ टक्के. दोन्ही मिळून १०. पडताळा घ्या: ५२.२ मध्ये ०.६ टक्के मिळवले की ५२.५, संदर्भ ५२.४. जुळलं.

न धुता बटण दाबलं असतं तर? यंत्राने सेल स्थिरांक १० टक्क्यांनी फुगवून घेतला असता. पुढच्या वेळी कोणी धुतलं की क्षारता ३५ ऐवजी ३९. मग ‘हा सॉन्ड चंचल आहे’ म्हणून दुसरं कॅलिब्रेशन. फाउलिंग किती आणि ड्रिफ्ट किती हे त्यानंतर कोणालाच सोडवता येत नाही. ‘कॅलिब्रेशन करूनही पुन्हा तीच तक्रार’ या वाक्यामागे बहुतेक वेळा हेच निघतं.

दुरुस्ती काळानुसार पसरवायची: पहिल्या दिवशी शून्य, शेवटच्या दिवशी पूर्ण ९.४ टक्के, मध्ये सरळ रेषेत. पण डोळे मिटून नाही. भरतीच्या माथ्याची रेष पाचव्या दिवसापर्यंत सपाट असेल आणि तिथून उतरत असेल तर दुरुस्तीचा चढही पाचव्या दिवसापासूनच सुरू करा. ड्रिफ्टची दुरुस्ती मात्र पूर्ण काळावर पसरवा. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या २००६ च्या पद्धतीत वाहकतेची चूक ३ टक्क्यांच्या वर गेली की दुरुस्ती लावतात, १५ च्या वर गेली की त्या काळाचा डेटा ‘निकृष्ट’ ठरतो. त्यांचे ठोकताळे नद्यांसाठी बेतलेले असले तरी खाडीत वापरायला हरकत नाही. ऑक्सिजनसाठी दुरुस्ती लावायची मर्यादा ०.३ मिग्रॅ/लि, पीएचसाठी ०.२.

तांबं लावलंय, तरी बार्नॅकल का?

तांब्याचं गार्ड, तांब्याची पट्टी, तांब्याची जाळी हा जुना आणि चांगला उपाय आहे. तांबं पाण्यात किंचित झिरपतं आणि चिकटायला आलेल्या पिल्लांना ते मानवत नाही. पण झिरपणं बंद झालं की ते नुसतं धातूचं भांडं. ते बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण आपणच बसवलेला जस्ताचा गंजरोधक गोळा.

जस्त, अ‍ॅल्युमिनियम किंवा लोखंडी चौकट तांब्याला विजेने जोडली गेली की समुद्राच्या पाण्यात त्यांची बॅटरी बनते. दुसरा धातू स्वतः झिजतो आणि तांब्याला वाचवतो. वाचलेलं तांबं विरघळत नाही, म्हणजे विषही सोडत नाही. जोडणी स्टीलच्या एका पट्ट्यातून, बोल्टमधून, नाहीतर बोयाच्या साखळीतूनही होते. ओळखायची खूण सोपी: हिरवट-निळसर झालेलं तांबं काम करतंय. महिन्यानंतरही गुलाबी-तपकिरी, लखलखीत आणि वर बार्नॅकल बसलेलं तांबं कुठेतरी जोडलं गेलंय.

तपासायला सॉन्ड बाहेर काढून कोरडा करा, मल्टिमीटर सातत्याच्या मोडवर ठेवा, एक टोक तांब्याला, दुसरं आळीपाळीने जस्ताला, चौकटीला, साखळीच्या कडीला. कुठेही बीप वाजायला नको. वाजलीच तर पट्ट्याखाली २-३ मिमी रबर, बोल्टला नायलॉनची बाही आणि वॉशर, आणि साखळीऐवजी शेवटचा एक मीटर दोरखंड. तांब्याची पट्टी सॉन्डच्या प्लॅस्टिकच्या अंगावर लावायची, सेन्सरच्या तोंडावर नाही. वाहकतेचं कॅलिब्रेशन करताना गार्ड चढवलेलंच असू द्या. उघड्या प्रकारच्या सेलभोवती धातू आला की वाचन हलतं. आणि त्याच जागेवर पाण्यातले जड धातू मोजायचे असतील तर तांबं अजिबात नको, हे उघड आहे, पण विसरलं जातं.

वायपर आणि पाइप

मधला वायपर प्रकाशीय सेन्सरची तोंडं पुसतो. वाहकतेच्या सेलची आतली वाट तो पुसत नाही. अनेक खरेदीदारांना हे पहिल्या हंगामानंतर कळतं. पुसता येईल अशा उघड्या तोंडाचे वाहकता-तापमान सेन्सर आता मिळतात. सॉन्डला ते बसत असतील तर वारंवार येणाऱ्या या तक्रारीवर सगळ्यात टिकाऊ इलाज तोच. नसेल शक्य, तर धुण्याचं अंतर कमी करणं हाच मार्ग.

वायपरचा ब्रश स्वतः शेवाळला की तो पुसण्याऐवजी घाण फासतो. केस फिसकटले की लगेच बदला. जुना ब्रश विश्रांतीच्या जागेवर नीट थांबत नाही, त्याचे केस सेन्सरसमोर येतात आणि गढूळपणा व हरितद्रव्याच्या आलेखात सुया उभ्या राहतात. बॅटरी उतरली तरी तेच होतं, मोटर मध्येच अडकते. सुया दिसल्या की आधी त्या वेळचा व्होल्टेज बघा, मगच सेन्सरला दोष द्या. पुसणं दर वाचनाआधी एकदा असावं. १५ मिनिटांच्या वाचनात बॅटरी पुरत नसेल तर वाचनं अर्ध्या तासाला करा, पुसणं वगळू नका.

जेटीवर सॉन्ड बहुधा ११० मिमीच्या पीव्हीसी पाइपात असतो. भोकं १० मिमीची पाडली तर तीन आठवड्यांत बुजतात आणि सॉन्ड पाइपातलं शिळं पाणी मोजत बसतो. भोकं निदान ४० मिमीची, आणि खालचं तोंड पूर्ण उघडं, आडव्या बोल्टने सॉन्ड अडवलेला. सॉन्ड बाहेर काढाल तेव्हा हातातल्या मीटरने पाइपाच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे वाचन घ्या. दोन आकडे वेगळे आले तर सॉन्डला हात लावायचंच कारण नाही, पाइप खरवडा. काळा पाइप उजेड अडवतो म्हणून शेवाळ कमी धरतं. बार्नॅकलला मात्र सावली आवडते, त्यामुळे पाइपाने प्रश्न सुटला असं होत नाही. पाइपाला आतून तांब्याच्या ऑक्साइडचा नौकेचा रंग चालतो, डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ सुकवून. कथिलाच्या संयुगाचे जुने रंग कुठे पडून असतील तर वापरू नका. जहाजांवर त्यांना २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आणि कालवांचं त्यांनी जे केलं ते पाहता ती योग्यच आहे.

प्रमाण द्रावणाची बाटली

समुद्राच्या पाण्यासाठी कॅलिब्रेशन ५० मिलिसीमेन्सच्या द्रावणात करा. १ मिलिसीमेन्सची बाटली स्वस्त आणि सहज मिळते, पण तिथली छोटीशी चूक ५० वर पन्नासपट होते. नंतर १० च्या द्रावणात नुसता पडताळा घ्या.

उन्हात उघडी राहिलेली बाटली आटते आणि लेबलपेक्षा खारट होते. तिच्यावर कॅलिब्रेशन केलेला सॉन्ड कायम कमी दाखवतो. कपात धुतल्याचं पाणी राहिलं तर द्रावण पातळ होतं आणि सॉन्ड कायम जास्त दाखवतो. म्हणून कप आणि सेन्सर त्याच द्रावणाने दोनदा विसळा, ते फेका, तिसऱ्या भरणीत काम करा. सेलच्या वरच्या भोकापर्यंत द्रावण हवं. सॉन्ड हलकेच टिचकी मारून बुडबुडे काढा, तापमान दोन मिनिटं स्थिर राहू द्या. कोरड्या सेलचं हवेतलं वाचन शून्याजवळ नसेल तर आत ओल आहे किंवा इलेक्ट्रोडवर मीठ बसलंय.

पीएच आणि खोली, थोडक्यात

पीएच ७ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या द्रावणात) इलेक्ट्रोडचा मिलिव्होल्ट शून्याच्या ५० इकडे-तिकडे आणि ७ ते १० मधला फरक १६५ ते १८० असावा. कमी झाला तर भांडी घासायच्या पातळ साबणात १०-१५ मिनिटं, मग धुऊन पुन्हा तपासा. उपकरणाच्या पुस्तिकेत आम्ल आणि क्लोरीनची ब्लीच दोन्ही सांगितलेली असतील तर दोघांच्या मध्ये भरपूर पाण्याने धुवा. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि होडीच्या बंद खोलीत तो गमतीचा विषय नाही. डिस्टिल्ड पाण्यात इलेक्ट्रोड ठेवू नका.

खोलीच्या सेन्सरचं छिद्र गाळाने भरलं की भरतीचे माथे चपटे होतात. सिरिंजने गोड्या पाण्याची हलकी पिचकारी मारा, सुई आत घालू नका. हवेशी न जोडलेल्या सेन्सरमध्ये हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की खोली १ सेंटिमीटरने बदललेली दिसते. तो दोष नाही, दाबाचा रकाना जोडून वजा करा.

किती दिवसांनी धुवायचं

ठरलेला आकडा नको. मागच्या फेरीत फाउलिंगची चूक ३ टक्के कितव्या दिवशी ओलांडली ते माथ्याच्या रेषेवरून काढा, आणि पुढची फेरी त्याच्या दोन दिवस आधी ठेवा. सुरुवातीला कोरड्या ऋतूत १० ते १४ दिवस धरून चला. पाऊस ओसरून खारटपणा परतला की कवचांचा जोर वाढतो, तेव्हा आठवड्यावर या. पावसाळ्यात कवचं कमी, पण गाळ, ओंडके आणि वाहून आलेली जलपर्णी असते. त्या दिवसांत धुण्यापेक्षा सॉन्ड जागेवर आहे की नाही हेच आधी बघायला लागतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत भाड्याची होडी मिळणं अवघड, ते मेमध्येच ठरवून ठेवा.

दोन सॉन्ड आळीपाळीने वापरणं सगळ्यात सोयीचं. धुतलेला, तपासलेला लावायचा, चढलेला काढायचा. लावलेला नवा सॉन्ड हाच काढलेल्याचा संदर्भ होतो आणि प्रमाण द्रावणाचं काम हलत्या होडीवर न होता सावलीत, टेबलावर होतं. काढलेला सॉन्ड ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा. वाटेत वाळला की सेलमधली घाण आक्रसते, आणि प्रयोगशाळेतलं ‘धुण्याआधीचं’ वाचन निरुपयोगी होतं.

हे सगळं करूनही घसरण तशीच राहिली, धुतल्यावर आकडा परत वर येतच नसेल आणि संदर्भ मात्र वेगळंच सांगत असेल, तर मग सेन्सर काढून सॉन्डच्या दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. दोष सेन्सरसोबत गेला तर सेन्सर बदला. पोर्टजवळच राहिला तर ओ-रिंगवर केस किंवा वाळूचा कण आहे का, पिनांवर हिरवट गंज आहे का ते भिंगाने बघा. ओ-रिंग नवी घाला, उत्पादकाने सांगितलेलं ग्रीस बोटाला लागेल न लागेल इतकंच लावा, आणि पोर्ट रात्रभर कोरड्या सिलिका जेलच्या डब्यात ठेवून सकाळी पुन्हा ५० च्या द्रावणात वाचन घ्या.